मुआ धर्मग्राम

मुआ धर्मग्राम, अर्थात मुआ मिशन, हा आग्नेय आफ्रिकेतील मलावी देशाच्या डेड्झा जिल्ह्यातील एक ग्रामीण कॅथॉलिक धर्मग्राम (पॅरिश) आहे. 'व्हाइट फादर्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिशनरी संघाने १९०२ साली त्याची स्थापना केली. देशातील सर्वांत जुन्या कॅथॉलिक केंद्रांमध्ये त्याची गणना होते. उपासनेबरोबरच रुग्णालय, शाळा व कर्णबधिर मुलांची शाळा ही कार्ये मुआच्या परिसरात चालतात. चेवा समाजाच्या ज्या मुखवटा-परंपरेला आरंभीच्या मिशनऱ्यांनी कडवा विरोध केला, तिच्याच जतनाचे कार्य १९७६ पासून येथील कुंगोनी केंद्रात होत आहे. त्यामुळे ख्रिस्ती धर्म व आफ्रिकी संस्कृती यांच्या संबंधांच्या अभ्यासात मुआचा उल्लेख वारंवार येतो.

भौगोलिक स्थान व लोकजीवन

मुआ हे ठिकाण मलावी सरोवराच्या नैर्ऋत्येस, डेड्झाचे पठार जेथे खचदरीच्या सखल प्रदेशात उतरते त्या कड्याच्या पायथ्याशी आहे. सलिमा व बलाका यांना जोडणारा रस्ता या भागातून जातो. येथे चेवा, न्गोनी व याओ हे तीन समाज शेजारी राहतात. चेवा हे जुने रहिवासी. न्गोनी हे एकोणिसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतून आलेले लढवय्ये, तर याओ हे सरोवराच्या पूर्वेकडून आलेले व्यापारी होत. याओंमध्ये इस्लामचा प्रसार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. व्यवहाराची व उपासनेची मुख्य भाषा चिचेवा आहे.

मका हे येथील प्रमुख पीक असून शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा असतो. जुने धान्य संपलेले व नवे पीक अद्याप हाती न आलेले, असे जानेवारी ते मार्च हे महिने टंचाईचे ठरतात. ख्रिस्ती उपवासकाळाचा बराचसा भाग याच दिवसांत येतो.

इतिहास

व्हाइट फादर्स संघाची स्थापना अल्जीयर्सचे आर्चबिशप शार्ल लाव्हिजरी यांनी १८६८ साली केली. संघाचे धर्मगुरू १८८९ मध्ये सरोवराच्या दक्षिणेकडील म्पोंडा या याओ प्रमुखाच्या गावी आले. परंतु १८९१ मध्ये त्यांना ते ठाणे सोडावे लागले. १९०१ साली माँफोर्ट संघाच्या मिशनऱ्यांनी न्झामा येथे काम सुरू केले. पुढील वर्षी व्हाइट फादर्स परतले व त्यांनी मुआसह मध्य भागात ठाणी उभारली.

१९५६ मध्ये डेड्झा हे स्वतंत्र धर्मक्षेत्र झाले व १९५९ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. कॉर्नेलियस चित्सुलो हे त्याचे बिशप झाले. मलावीतील पहिले स्थानिक बिशप तेच होत.

न्याउशी संघर्ष

न्याउ ही चेवा पुरुषांची गुप्त संस्था आहे. तिच्या मुखवटाधारी नृत्याला 'गुले वामकुलू', म्हणजे महानृत्य, म्हणतात. अंत्यविधी, दीक्षाविधी व गावप्रमुखाची स्थापना या प्रसंगी ते होते. मुखवटा धारण केलेला नर्तक हा माणूस नसून पूर्वजांचा आत्मा किंवा वन्य पशू आहे, अशी धारणा असते.

चेवा समाज मातृवंशीय आहे. लग्नानंतर पुरुष परंपरेने पत्नीच्या गावी राहतो व तेथे काहीसा परका ठरतो. अशा पुरुषांना न्याउमुळे एकत्र येण्याचे स्थान मिळते.

मिशनऱ्यांना या नृत्यातील गीते अश्लील व विधी ख्रिस्ती श्रद्धेशी विसंगत वाटले. दीक्षा घेतलेल्या मुलांनी मिशनच्या शाळेत जाऊ नये असा न्याउचा आग्रह होता. शाळेतील मुलांनी दीक्षा घेऊ नये असा मिशनचा. मुलांचे संगोपन कोणी करावे, हाच वादाचा गाभा होता. न्याउवर बंदी घालावी, ही मिशनऱ्यांची मागणी वसाहती प्रशासनाने पूर्णपणे मान्य केली नाही.

न्याउने या संघर्षाला आपल्या पद्धतीने उत्तर दिले. सिमोनी, जोसेफे व मालिया ही ख्रिस्ती नावांची पात्रे नृत्यात आली. सिमोनीचा तांबडा चेहरा गोऱ्या माणसाची नक्कल करतो. मिशनऱ्यांना न्याउ जशी दिसत होती त्याची नोंद मिशनच्या कागदपत्रांत राहिली. न्याउला मिशनरी जसे दिसत होते त्याची नोंद या मुखवट्यांत राहिली.

कुंगोनी केंद्र

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) स्थानिक भाषा व संस्कृती यांना उपासनेत स्थान देण्याचा मार्ग मोकळा केला. १९६७ मध्ये मलावीत आलेले कॅनेडियन धर्मगुरू क्लॉद बुशे यांनी १९७६ साली मुआ येथे कुंगोनी संस्कृती व कला केंद्र स्थापन केले. स्थानिक लोकांनी त्यांना चिसाले हे नाव दिले. केंद्रात ग्रामीण तरुणांना काष्ठशिल्पाचे शिक्षण मिळते व त्यातून अनेक कुटुंबांना उत्पन्नाचे साधन लाभले आहे.

केंद्राच्या चामारे संग्रहालयाच्या बाह्य भिंती चित्रांनी सजलेल्या आहेत. आत चेवा, न्गोनी व याओ यांच्या चालीरीती, मिशनचा इतिहास आणि गुले वामकुलूचे मुखवटे मांडलेले आहेत. मुखवट्यांच्या अर्थाविषयी बुशे यांचा 'व्हेन अॅनिमल्स सिंग अँड स्पिरिट्स डान्स' हा ग्रंथ २०१२ मध्ये प्रकाशित झाला. युनेस्कोने गुले वामकुलूला २००५ साली मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशाची उत्कृष्ट कृती म्हणून घोषित केले. २००८ साली तिचा प्रातिनिधिक सूचीत समावेश झाला.

या कार्याविषयी दोन बाजूंनी प्रश्न उपस्थित होतात. न्याउचे सदस्यत्व व ख्रिस्ती दीक्षा एकत्र नांदू शकत नाहीत, असे मानणारे ख्रिस्ती आजही आहेत. दुसरीकडे, न्याउचे ज्ञान दीक्षितांपुरतेच राखण्याचा नियम असल्याने मुखवटे सर्वांसमोर मांडणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतो. जतन केलेली परंपरा गुप्त राहत नाही, आणि गुप्त ठेवलेली परंपरा नवी पिढी दुरावल्यास लोप पावू शकते.

धर्मग्रामाचे कार्य

मलावीतील ग्रामीण धर्मग्रामांप्रमाणे मुआतही मुख्य चर्चखेरीज दूरच्या गावांत प्रार्थनास्थळे आहेत. प्रत्येक रविवारी धर्मगुरूंना सर्वत्र पोहोचणे शक्य नसते. अशा वेळी प्रशिक्षित प्रापंचिक धर्मशिक्षक प्रार्थना चालवतात, बाप्तिस्म्यासाठी उमेदवारांची तयारी करून घेतात व आजाऱ्यांची विचारपूस करतात. पूर्व आफ्रिकेतील बिशपांच्या संघटनेने १९७६ मध्ये लहान ख्रिस्ती समूहांना अग्रक्रम दिला. मलावीत त्यांना 'मिफाकाती' म्हणतात. शेजारची कुटुंबे एकत्र येऊन बायबलवाचन करतात, तसेच आजारपण, मृत्यू व टंचाईच्या प्रसंगी एकमेकांना साहाय्य करतात.

मुआ मिशन रुग्णालय हे मलावीच्या ख्रिस्ती आरोग्य संघटनेशी संलग्न आहे. ग्रामीण भागातील आरोग्यसेवेचा मोठा वाटा या संघटनेची रुग्णालये उचलतात.

ग्रामीण धर्मग्रामांच्या या जाळ्याचे राजकीय महत्त्व ८ मार्च १९९२ रोजी दिसून आले. हेस्टिंग्ज बांडा यांच्या एकपक्षीय राजवटीवर टीका करणारे, सात बिशपांच्या स्वाक्षरीचे 'लिव्हिंग अवर फेथ' हे पत्र त्या रविवारी देशभरातील कॅथॉलिक चर्चमध्ये एकाच दिवशी वाचण्यात आले. शासनाने पत्र राजद्रोही ठरवले व बिशपांची चौकशी केली; परंतु मजकूर तोवर गावोगावी पोहोचला होता. १४ जून १९९३ च्या सार्वमतात जनतेने बहुपक्षीय पद्धतीला कौल दिला व मे १९९४ च्या निवडणुकीत बांडा पराभूत झाले.