दस्ता कुणाच्या मापाचा?

बंदूक म्हटली की आपलं लक्ष आधी नळीकडे जातं. आवाज नळीतून येतो, गोळी नळीतून सुटते, त्यामुळे कौतुकही तिचंच होतं. मागचा लाकडी भाग, म्हणजे दस्ता, बिचारा दुर्लक्षित राहतो. पण शिकाऱ्याला विचारा. तो सांगेल, नळी कारखान्याची असते, दस्ता माणसाचा असतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या जंगलाचा गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास मला या दस्त्याच्या बाजूने सांगावासा वाटतो. कारण दस्ता कुणाच्या मापाचा होता हे पाहिलं, की जंगल कुणाचं मानलं जात होतं तेही कळतं.

दस्त्याला माप असतं, अगदी शिंपी सदऱ्याचं घेतो तसं. चापापासून खांद्याला टेकणाऱ्या टोकापर्यंतची लांबी हे पहिलं माप. मध्यम उंचीच्या पुरुषाला ती साधारण १४ इंच लागते. दस्ता नळीच्या रेषेपासून किती खाली उतरतो हे दुसरं माप, आणि डाव्या-उजव्या बाजूला किती कललेला आहे हे तिसरं. दस्ता लांब झाला तर उचलताना कपड्यात अडकतो. आखूड झाला तर बार उडाल्यावर धक्क्याने स्वतःच्याच मुठीचा अंगठा नाकावर बसतो. उतार चुकला तर डोळा नेमाच्या रेषेत येत नाही आणि गोळी वरून नाहीतर खालून जाते. झुडपातून जनावर दिसतं ते क्षणभर. त्या क्षणात मान वाकडी करून नेम शोधायला वेळ नसतो. नेम चुकला तर जनावर मरत नाही, जखमी होतं. आणि जखमी वाघाचा राग शिकाऱ्यावर निघत नाही, तो दुसऱ्या दिवशी मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईवर निघू शकतो. म्हणून दस्त्याचं माप ही चैनीची गोष्ट नव्हे.

इंग्रज अंमलदारांना हे पक्कं ठाऊक होतं. लंडन आणि बर्मिंगहॅमचे बंदूक-कारागीर गिऱ्हाइकाला उभं करून माप घेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर सांधे आणि स्क्रू लावलेली एक खास मापाची बंदूक निघाली. ती गिऱ्हाइकाच्या खांद्याला लावून हवी तशी फिरवायची आणि जुळलेल्या मापावरून दस्ता कोरायचा. लाकूड अक्रोडाचं. ते वजनाच्या मानाने मजबूत, धक्का सोसणारं आणि कोरायला मऊ असतं. वरून जवसाचं तेल चोळून चोळून जिरवायचं. गंमत पाहा, जवस पिकवणारा आपला विदर्भ, सागवानासाठी नावाजलेलं आपलं आलापल्ली, आणि त्याच जंगलात साहेबाच्या खांद्यावर मात्र परदेशातून मापाने आलेलं अक्रोड!

मध्य प्रांताच्या जंगलांत नोकरी केलेल्या कॅप्टन जेम्स फोरसाइथचं नाव इथे घ्यायला हवं. सातपुड्याच्या जंगलांवरचं त्याचं पुस्तक १८७१ मध्ये आलं आणि ते प्रसिद्धही आहे. पण त्याआधी, १८६३ मध्ये, त्याने शिकारीची रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. नळीतले आटे किती पिळाचे असावेत, दारू किती भरावी, याचा त्याने बारकाईने विचार केला. मध्य हिंदुस्थानातलं जंगल ही या लोकांची जणू प्रयोगशाळाच होती. इथल्या गव्यावर आणि वाघावर जे शिकायचं, ते इंग्लंडच्या कारागिराला कळवायचं.

आता त्याच जंगलातली दुसरी बंदूक पाहू. ती तोड्याची किंवा ठासणीची. आपल्याकडे तिला भरमार म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू, मग चिंधी, मग गोळी किंवा छर्रे, गजाने ठासायचे. १८५८ मध्ये चांद्याच्या मुलखात बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. सत्तावनच्या उठावानंतर सरकारला एतद्देशीयांच्या हातातल्या शस्त्राची धास्ती बसली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ती कागदावर उतरवली. बंदूक बाळगायला हिंदी माणसाला परवाना लागू लागला, युरोपियनाला मात्र त्यातून सूट होती. म्हणजे मापाचा दस्ता असणाऱ्याला परवाना नको, आणि धानाच्या बांधावर राखणीला बसणाऱ्याला हवा!

मी अशा जुन्या ठासणीच्या बंदुका हाताळून पाहिल्या आहेत. त्यांचे दस्ते पाहण्यासारखे असतात. चापामागचा निमुळता भाग, जिथे मूठ बसते, तो दस्त्याचा सर्वांत दुबळा भाग. तिथेच लाकूड तडकतं. एका दस्त्याला तिथे तांब्याची तार गुंडाळली होती, दुसऱ्याला ओलं कातडं आवळून वाळवलं होतं. दस्ता एकाच्या मापाचा नव्हताच. तो आजोबांकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे आलेला. ज्याच्या हाती आला त्याने आपला खांदा त्याला जुळवून घेतला. साहेबाची बंदूक माणसाच्या मापाची होती, इथे माणूसच बंदुकीच्या मापाचा झाला होता.

स्वातंत्र्यानंतर गोऱ्या-काळ्याचा भेद गेला. पण १९५९ चा शस्त्र कायदा वाचताना एक कलम लक्ष वेधून घेतं. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, अशी तरतूद त्यात आहे. रक्षण किंवा खेळ यांसाठी मात्र किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक सांगितली आहे. एका बाजूला कायद्याने शेतकऱ्याची गरज मान्य केली, ही मोठी गोष्ट. पण त्याच्या वाट्याला हत्यार आलं ते शंभर वर्षं मागचं.

शिकारीचं जंगलही हळूहळू आक्रसत गेलं. वनखातं जंगलाचे शिकार-ब्लॉक पाडून परमिट देत असे. ताडोबाच्या परिसरात १९३५ मध्येच शिकारीला बंदी झाली, आणि १९५५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. १९७० मध्ये देशभर वाघाची शिकार थांबली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्या कायद्यातही काही जनावरांसाठी शिकारीचे परवाने शिल्लक होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही संपले. छंद म्हणून शिकार हा विषय आपल्यापुरता मिटला. तो मिटला हे योग्यच झालं, नाहीतर आज ताडोबाच्या नावाने जगभरातून जी माणसं येतात, त्यांना पाहायला काय उरलं असतं?

बाहेरच्या जगात मात्र दस्ता पुढे जात राहिला. लाकडाचा मोठा दोष म्हणजे ते हवेबरोबर हलतं. आपल्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. या फेऱ्यात लाकूड सुकतं, फुगतं, नळीला दाबतं, आणि उन्हाळ्यात जुळवलेला नेम पावसाळ्यात चुकतो. व्हिएतनामच्या ओल्या रानात अमेरिकी मरीन सैनिकांच्या नेमबाजी रायफलींचे लाकडी दस्ते असेच वाकले, म्हणून १९७० च्या दशकात त्यांनी फायबरग्लासचे दस्ते घेतले. पुढची पायरी कार्बन फायबरची. कार्बनच्या धाग्यांचं कापड राळेत भिजवून साच्यात थरावर थर बसवायचे, उष्णता आणि दाब देऊन पक्के करायचे, दोन अर्धुकं जोडायची, पोकळी हलक्या फोमने भरायची. रायफलीचे स्क्रू जिथे आवळतात तिथे धातूचे आधार बसवायचे, म्हणजे कवच दबत नाही. लाकडी दस्ता एक किलोच्या आसपास भरतो, हा त्याच्या निम्म्यावर येऊ शकतो. वर गालाचा टेकू खालीवर होतो, लांबी कमी-जास्त करता येते. अमेरिकेत किंवा न्यूझीलंडमध्ये डोंगर चढणारा शिकारी आज असा दस्ता मापाने बनवून घेतो.

आपल्याकडे मापाच्या बंदुकीचं हे शास्त्र जिवंत आहे ते खेळाच्या मैदानात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. त्यांच्या रायफलींचे दस्ते नीट पाहा. गाल, खांदा, तळहात, प्रत्येकासाठी वेगळा स्क्रू असतो. साहेबाची ती चैन आता कोल्हापूरच्या पोरांनी कमावलेली आहे.

पण धानाच्या बांधाचं काय? सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा या पट्ट्यात आजही रात्री मचाणावर माणसं जागतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभं पीक लोळवतो. गडचिरोलीत नक्षलवादी दलांच्या हातीही भरमार बंदुका दिसू लागल्या, तशी गावातली बंदूक संशयाची झाली. पोलिसांच्या आवाहनाला साद देऊन अनेक गावांनी त्या जमा केल्या. शांततेसाठी ते गरजेचंच होतं. मात्र जनावर यायचं थांबलं नाही. काही ठिकाणी बांधावर विजेची तार आली. बंदुकीच्या मागे निदान एक डोळा असतो, तो समोर डुक्कर आहे की वाघ हे पाहू शकतो. तारेला डोळा नसतो. एप्रिल २०१७ मध्ये नागभीडच्या परिसरात श्रीनिवास नावाने ओळखला जाणारा तरुण वाघ अशाच तारेने गेला. तारेला चिकटून माणसंही जातात. परवानगीने रानडुकरं मारण्याचा मार्ग राज्य सरकारने मोकळा केला, तर २०१६ मध्ये चंद्रपुरात मारलेल्या डुकरांवरून थेट केंद्रीय मंत्र्यांमध्ये जाहीर वाद झाला. तेव्हाच्या मंत्री मेनका गांधी यांनी कडक शब्दांत टीका केली. दिल्लीतल्या त्या वादात मचाणावरचा माणूस फारसा दिसला नाही.

या जंगलात आज एक बंदूक मात्र मोलाची झाली आहे. ती मारत नाही, झोपवते. गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत १३ माणसांचा बळी घेतल्याचं सांगितलं गेलेला सीटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडशाच्या जंगलात बेशुद्ध करून पकडला गेला. औषधाची ही सुई गोळीपेक्षा कितीतरी हळू जाते. त्यामुळे नेम जवळून घ्यावा लागतो आणि सुई मांडीच्या किंवा खांद्याच्या भरदार स्नायूतच बसावी लागते. चुकली तर जनावर तरी मरेल, नाहीतर माणूस. दस्त्याचं जुनं शास्त्र इथे पुन्हा कामाला येतं, आणि या वेळी ते दोन्ही जीव वाचवण्यासाठी असतं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामावर असताना एक तरुण महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. हाती बंदूक असती तर त्या वाचल्या असत्या असं मी म्हणणार नाही, दाट झाडीत तेवढा अवधीच मिळत नाही. पण त्या घटनेपासून एक विचार माझ्या मनातून जात नाही. आज जंगल राखणाऱ्यांत पाच फुटांच्या मुलीही आहेत आणि सहा फुटांचे गडीही. त्यांच्या हाती द्यायचं साधन, मग ते सुईची बंदूक असो, ढाल असो की अंगावरचं जाकीट असो, ते त्यांच्या मापाचं आहे का, हे कुणी विचारतं का? दस्त्याची लांबी दोन बोटं कमी-जास्त करण्याची सोय म्हणजे काही आकाशातले तारे नव्हेत.

चांद्याच्या जंगलात एकेकाळी वाघ मारायला आलेल्या पाहुण्याचा खांदा इंच-इंच मोजला गेला. आता वाघही राखायचा आहे आणि माणूसही. तेव्हा टेप हाती घ्यायचीच असेल, तर ती जंगलात राहणाऱ्यांच्या आणि जंगल राखणाऱ्यांच्या खांद्याला लावावी, एवढंच माझं मागणं आहे.