हरि नारायण आपटे

हरि नारायण आपटे (८ मार्च १८६४ – ३ मार्च १९१९) हे मराठी कादंबरीकार, कथाकार, नाटककार आणि ‘करमणूक’ या साप्ताहिकाचे संपादक होत. ते ‘हरिभाऊ’ या नावाने अधिक परिचित आहेत. मराठी कादंबरीला अद्भुतरम्यतेकडून प्रत्यक्ष कौटुंबिक जीवनाकडे वळवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. त्यांनी मोल्येर आणि व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच लेखकांची नाटकेही मराठीत आणली. मात्र कादंबरीकार म्हणून मिळालेल्या कीर्तीपुढे त्यांचे नाट्यलेखन झाकोळून गेले.

जीवन

हरिभाऊंचा जन्म खानदेशातील पारोळे येथे झाला. मुंबई उच्च न्यायालयातील वकील महादेव चिमणाजी आपटे हे त्यांचे चुलते. संस्कृत ग्रंथांच्या जतनासाठी व प्रकाशनासाठी त्यांनी १८८८ मध्ये पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. त्यांच्या पश्चात संस्थेचा कारभार हरिभाऊंनी पाहिला आणि आनंदाश्रम हेच त्यांच्या लेखनाचेही ठिकाण झाले.

शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर हे त्या शाळेचे शिक्षक. १८८२ मध्ये चिपळूणकरांचे निधन झाले, तेव्हा हरिभाऊंनी ‘शिष्यजनविलाप’ ही शोककविता लिहिली. पुढच्या वर्षी आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे केलेले ‘विकारविलसित’ हे भाषांतर प्रसिद्ध झाले. हरिभाऊंनी त्याची दीर्घ व परखड समीक्षा केली. विशीही न गाठलेल्या विद्यार्थ्याने आपल्याच गुरूच्या ग्रंथाचे दोष दाखवावेत, ही गोष्ट त्या काळी लक्षात राहण्यासारखीच होती. महाविद्यालयीन शिक्षण मात्र गणिताच्या अडसरामुळे पदवीपर्यंत पोहोचले नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा निकटचा स्नेह होता. पुणे नगरपालिकेच्या कामातही ते सहभागी असत. १९१२ मध्ये अकोला येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

‘करमणूक’ आणि सामाजिक कादंबऱ्या

हरिभाऊंच्या आधी ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या बाबा पदमनजींच्या कादंबरीने विधवांच्या दुःखाला वाचा फोडली होती. परंतु पुढे बराच काळ ‘मुक्तामाला’सारख्या (१८६१) अद्भुतरम्य कथांचेच राज्य राहिले. १८८५ मध्ये आलेली ‘मधली स्थिती’ ही हरिभाऊंची पहिली कादंबरी. इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स याच्या लंडनविषयक कादंबरीवरून तिची कल्पना सुचली असली, तरी तिच्यातील माणसे पुण्याचीच होती.

१८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ सुरू केले आणि सुमारे २८ वर्षे ते चालवले. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांची वादांची रणधुमाळी चालू असता, घरातील स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून वाचावे असे हे पत्र होते. उपदेश करायचा, पण तो गोष्टीच्या वाटेने, हे त्याचे धोरण. हरिभाऊंच्या बहुतेक कादंबऱ्या येथेच क्रमशः प्रसिद्ध झाल्या. ‘आजकालच्या गोष्टी’ या सूत्राखाली त्यांनी आपल्या सामाजिक कादंबऱ्या लिहिल्या.

त्यांतील ‘पण लक्षात कोण घेतो?’ (१८९०–९३) ही सर्वश्रेष्ठ मानली जाते. यमू ही तिची नायिका स्वतःच आपली कहाणी सांगते. बालपण, लहान वयातील लग्न, सासरचा जाच, सुधारकी वृत्तीच्या रघुनाथरावांनी तिला लिहिण्यावाचण्यास लावणे, मुंबईतील थोड्या दिवसांचे मोकळे सुख, मग वैधव्य आणि सक्तीचे केशवपन, असा तिच्या आयुष्याचा प्रवास आहे. शंकरमामंजींसारखा दांभिक माणूस येथे राक्षस म्हणून येत नाही. धर्माची आणि घराण्याच्या अब्रूची भाषा बोलतच तो तिच्या आयुष्याची वाताहत घडवतो. यमूची मैत्रीण दुर्गी हिची कथा या कहाणीला समांतर चालते. छळ हा एखाद्या दुष्ट सासूचा अपवाद नसून ती रीतच आहे, हे त्यामुळे वाचकाला कळत जाते.

या कादंबरीचे प्रकरणशः प्रकाशन चालू असतानाच संमतिवयाच्या विधेयकावरून महाराष्ट्रात रण माजले होते. बंगालमधील फुलमणी या बालवधूच्या मृत्यूनंतर हा प्रश्न ऐरणीवर आला आणि १८९१ च्या कायद्याने संमतीचे वय १० वरून १२ वर्षे करण्यात आले. सभांमधून शास्त्रार्थ चालू होते; त्याच सुमारास ‘करमणूक’च्या अंकांतून एक मुलगी आपल्या घरगुती बोलीत आपले अनुभव सांगत होती. पुरुष लेखकाने स्त्रीच्या तोंडची भाषा इतकी सहज साधावी, याचे आश्चर्य आजच्या वाचकालाही वाटते.

‘मी’ (१८९३–९५) ही भावानंद या तरुणाची आत्मकथा. अविवाहित राहून लोकसेवेला वाहून घेण्याचे जे चित्र तीत आहे, ते गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाची आठवण करून देते. मात्र दर आठवड्याला मजकूर पुरवण्याच्या रीतीची किंमतही हरिभाऊंना मोजावी लागली. पाल्हाळ, सैल रचना आणि काही कादंबऱ्यांचे अपुरेपण हे त्यांच्यावरील नेहमीचे आक्षेप असून ते खोटे नाहीत.

ऐतिहासिक कादंबऱ्या

‘उषःकाल’, ‘सूर्योदय’, ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबऱ्या शिवकालावर असून ‘चंद्रगुप्त’ मगधातील नंदवंशाच्या पाडावावर आणि ‘वज्राघात’ विजयनगरच्या नाशावर आहे. ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला.

नाटके व फ्रेंच नाटकांची रूपांतरे

‘संत सखूबाई’ आणि ‘सती पिंगळा’ ही हरिभाऊंची स्वतंत्र नाटके. रूपांतरांत मोल्येरच्या प्रहसनांना विशेष स्थान आहे. ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. मूळ नाटकात (१६६६) नवऱ्याच्या माराचा सूड उगवण्यासाठी एका लाकूडतोड्याची बायको, तो नामांकित वैद्य असून चोपल्याखेरीज कबूल होत नाही, अशी हूल उठवते. मराठी नावातच हे सारे कथानक आले आहे. ‘जबरीचा विवाह’ हे मोल्येरच्या १६६४ च्या प्रहसनाचे रूपांतर. उतारवयात तरुण मुलीशी लग्न करायला निघालेला आणि मग अंग काढून घेऊ पाहणारा वर हा त्याचा विषय. ज्या समाजात गोविंद बल्लाळ देवलांना ‘शारदा’ लिहावे लागले, तेथे पॅरिसमधील हा जरठ वर परका वाटण्याचे कारण नव्हते.

‘जयध्वज’ हे व्हिक्टर ह्यूगो याच्या ‘एर्नानी’चे रूपांतर. १८३० मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आलेल्या मूळ नाटकाने अभिजाततावादी आणि स्वच्छंदतावादी प्रेक्षकांत अक्षरशः हमरीतुमरी घडवली होती. नाट्यरचनेचे जुने नियम मोडले जाणे, हे त्या वादाचे कारण. मराठी रंगभूमीवर ते नियम कधी बंधनकारकच नव्हते. त्यामुळे येथे उरली ती प्रेम, शब्दपालन आणि सूडाची कथा. शेक्सपिअरच्या ‘मेझर फॉर मेझर’वरून त्यांनी ‘सुमतिविजय’ लिहिले.

कादंबरीत वाड्यातील माजघर हुबेहूब उभे करणाऱ्या लेखकाने नाटकासाठी वारंवार परकीय कथानकांचा आधार घेतला, हे लक्षणीय आहे. यमूची कथा घडते ती तिच्या मनात आणि चार भिंतींआड. संगीताने भारलेल्या तत्कालीन रंगभूमीला असा विषय पेलण्याजोगा नव्हता, हे त्याचे एक कारण असावे.

इतर लेखन व संपादन

हरिभाऊंच्या कथा ‘स्फुट गोष्टी’ या नावाने संग्रहित झाल्या आहेत. त्यांतील ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळावरील कथा आजही वाचली जाते. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘गीतांजली’चेही त्यांनी मराठीत भाषांतर केले. केशवसुतांच्या कविता ते हयात असतानाच ‘करमणूक’मध्ये येत असत, १९०५ मध्ये कवीचे अकाली निधन झाले. विखुरलेल्या त्या कविता एकत्र करून हरिभाऊंनी १९१७ मध्ये त्यांचा पहिला संग्रह प्रसिद्ध केला.