दाताच्या खुर्चीतली भीती

दाढ ठणकू लागली की आपल्या उपनगरातला माणूस आधी लवंग धरतो, मग केमिस्टकडून गोळी आणतो आणि गाल सुजला की दवाखाना गाठतो. पैशांची चणचण असते, हे खरेच. पण खिसा भरलेली माणसेही किडलेली दाढ वर्षानुवर्षे तशीच वागवतात, ती भीतीपोटी. ही भीती आणि ती उतरवणारी औषधे हा या पुस्तकाचा विषय. अंधेरी-बोरिवलीत नव्याने दवाखाना थाटणारे दंतवैद्य आणि त्यांच्या खुर्चीत बसायला कचरणारे लोक, दोघांचेही इथे स्वागत आहे.

भीती मोजता येते. नॉर्मन कोरा यांनी १९६९ साली त्यासाठी चार प्रश्नांची पट्टी मांडली. गंमत अशी, की तीत सुईचा प्रश्नच नव्हता! तो पाचवा प्रश्न १९९५ मध्ये हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी घातला. २५ पैकी १९ किंवा जास्त गुण आले, की माणूस फार घाबरलेला समजावा. हे एक पान प्रत्येक केसपेपरला जोडलेले असावे, असे माझे मत आहे.

शस्त्रक्रियेतल्या भुलीच्या इतिहासात दंतवैद्य अगदी सुरुवातीपासून आहेत. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड, म्हणजे आपला लाफिंग गॅस, हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. पुढच्याच महिन्यात बॉस्टनच्या प्रयोगात रुग्ण ओरडला आणि वेल्सची छी-थू झाली. १८४६ साली तिथेच ईथरचा प्रयोग यशस्वी करणारा मॉर्टनही दंतवैद्यच. लाफिंग गॅस मुळात दुबळा. नेहमीच्या हवेच्या दाबाखाली पुरेशा प्राणवायूसोबत दिला तर तो पूर्ण भूल देऊ शकत नाही. वेल्सला जाचलेला हा दुबळेपणा आज त्याचा मोठा गुण ठरतो. नाकावरच्या मास्कमधून किमान ३० टक्के प्राणवायूबरोबर तो थोडा-थोडा वाढवत देतात. रुग्ण जागा राहतो, बोलतो आणि शेवटी नुसता प्राणवायू दिला की काही मिनिटांत सावरतो.

मात्र पावसाळ्यात नाक चोंदले असेल, तर मास्क निरुपयोगी. हा वायू शरीरातले बी-१२ निकामी करतो, म्हणून घाटकोपर-मुलुंडच्या शाकाहारी घरांत, जिथे या जीवनसत्त्वाची कमतरता सहज आढळते, तिथल्या रुग्णाला आधी तसे विचारलेच पाहिजे.

गॅसखेरीज तासभर आधी घ्यायची गोळी आहे, शिरेतून दिले जाणारे गुंगीचे औषध मिडॅझोलाम आहे आणि त्यापुढे भूलतज्ज्ञाच्या हातातली खोल गुंगी. गुंगीच्या खोलीच्या पायऱ्या चार मानतात, पण औषध जरा जास्त झाले की माणूस नकळत पुढच्या पायरीवर घसरतो. कोणत्याही गुंगीत हिरडी बधिर करण्याची सुई टळत नाही. फक्त तिची धास्ती उरत नाही. मिडॅझोलाम आठवणही पुसते. खुर्चीतून उठलेला रुग्ण सगळ्या सूचनांना मान डोलावतो आणि घरी पोचेपर्यंत विसरतो. सूचना सोबतच्या माणसाला द्याव्यात. सोबत नसेल तर गुंगी देऊच नये. बोरिवलीहून मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात किंवा मुलुंडहून सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात येणाऱ्याने हे आधीच ठरवावे. गुंगीत संध्याकाळची लोकल पकडणे हा जिवाशी खेळ आहे.

औषधांपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो श्वासावर लक्ष ठेवणारा माणूस. दात काढणाऱ्याचे डोळे तोंडात गुंतलेले असतात. कोविडने घरोघरी पोचवलेला ऑक्सिमीटर हवाच, पण श्वास मंदावल्याचे तो उशिरा सांगतो. छातीकडे पाहणारी नजर लागते. ब्रिटनने तर २००२ पासून रुग्णालयाबाहेरच्या दंतचिकित्सेत पूर्ण भूल बंदच केली. आपल्या गल्लीतल्या दवाखान्यांनीही खोल गुंगीचा मोह टाळावा आणि तिची गरज असलेला रुग्ण रुग्णालयात पाठवावा.

शिरेतून गुंगी घेण्याआधी वाचकाने दोन गोष्टी विचाराव्यात: माझ्या श्वासाकडे कोण बघणार, आणि प्राणवायू व मिडॅझोलामचा उतारा फ्लुमाझेनिल हाताशी आहे का? उत्तर देताना डॉक्टर चिडले, तर सरळ दुसरा दवाखाना बघा.