नायकाचे खलत्व, चित्रपटातील

चित्रपटाच्या आरंभी प्रेक्षकांच्या सहानुभूतीस पात्र असलेल्या नायकाचे, त्याच्या स्वतःच्याच निर्णयांच्या परंपरेतून, क्रमाक्रमाने खलपुरुषात होणारे रूपांतर. केवळ अधःपतनाहून हा प्रकार भिन्न समजावा. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटातील गुरुजी तमाशाच्या फडामागे वाहवत जाऊन मानभ्रष्ट होतात व अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फाशीची सजा पत्करतात. तथापि त्यांच्या पतनाचा मुख्य बळी तेच असल्याने त्यांना खल म्हणवत नाही. खलत्वाला दुसऱ्याचा बळी लागतो, आणि तो घेताना आपले कृत्य न्याय्य असल्याची खातरीही लागते.

ही खातरी कशी घडते याचे सर्वांत सूक्ष्म चित्रण फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या ‘द गॉडफादर’ (१९७२) व त्याच्या दुसऱ्या भागात (१९७४) आढळते. मारिओ पुझो यांच्या १९६९ च्या कादंबरीवर आधारलेल्या या कथेत मायकेल कॉर्लिओने (अभिनेता अल पचिनो) महायुद्धातून परतलेला, सैनिकी गणवेशातच बहिणीच्या लग्नास आलेला धाकटा पुत्र असून, घराण्याच्या कारभाराशी आपला संबंध नाही अशी ग्वाही तो प्रेयसीला देतो. पुढे पित्यावर गोळीबार होतो, आणि रुग्णालयातील पहारा कोणी हेतुपुरस्सर उठविल्याचे ध्यानी येताच, भेटीस आलेल्या एका निःशस्त्र पाववाल्यास सोबत घेऊन, जणू आपणच पहारेकरी आहोत अशा आविर्भावात तो दाराशी उभा राहतो. मारेकऱ्यांची मोटार निघून गेल्यावर पाववाल्याच्या थरथरत्या हातांना सिगारेट पेटविता येत नाही. मायकेल ती पेटवितो, आणि आपला हात यत्किंचितही कापत नाही हे क्षणभर न्याहाळतो. बाप्तिस्म्याच्या विधीत सैतानाचा त्याग उच्चारीत असतानाच त्याच्या हुकमाने प्रतिस्पर्धी सरदारांची कत्तल होते, त्या प्रसंगाच्या संकलनाची कीर्ती मोठी आहे व ती अनाठायीही नाही. परंतु तेथे निवाडा उघडपणे सुनावला जातो, तर रुग्णालयाच्या पायऱ्यांवर पितृरक्षणासाठी धावलेल्या पुत्राचे आपण मनोमन कौतुक करीत असतो, आणि पुढील प्रत्येक कृत्यास आपली मूक संमती येथूनच मिळू लागते.

मायकेल स्वतः करतो त्या उपाहारगृहातील दुहेरी हत्येपूर्वी न दिसणाऱ्या आगगाडीचा वाढत जाणारा खडखडाट हीच त्याच्या मनातील खळबळीची एकमेव खूण असते. छायालेखक गॉर्डन विलिस यांनी पित्याच्या दालनासाठी योजलेला, डोळे खाचांत बुडविणारा वरचा प्रकाश दुसऱ्या भागात पुत्राच्या वाट्यास येतो.

कुटुंबाचे रक्षण ही मायकेलची सबब पहिल्या कृत्यापासून अखेरच्या कृत्यापर्यंत तसूभरही बदलत नाही; तिच्या नावाने द्यावयाचे मोल तेवढे वाढत जाते. दगाबाज ठरलेल्या थोरल्या भावाला, फ्रेडोला, माता हयात असेतोवर अभय मिळते. तिच्या निधनानंतर सरोवरातील होडीत त्याचा शेवट होतो. लगोलग १९४१ सालचा प्रसंग दाखविला जातो: मायकेल सैन्यात दाखल झाल्याचे ऐकून सर्वांत थोरला बंधू संतापतो, आणि त्याचे अभिनंदन करतो तो एकटा फ्रेडो.

शेक्सपिअरच्या मॅकबेथवरून निघालेली शाखा निराळी. अकिरा कुरोसावा यांच्या ‘थ्रोन ऑफ ब्लड’मध्ये (१९५७) भाकीत वनातील पिशाच वर्तविते, तर विशाल भारद्वाज यांच्या ‘मकबूल’मध्ये (२००३) मुंबईच्या गुन्हेगारी जगतात ते काम कुंडल्या मांडणारे दोन पोलीस अंमलदार करतात. या शाखेत दैवाची फूस असल्याने नायकास आपला अपराध ठाऊक असतो व त्यास दुःस्वप्नेही पडतात. मायकेलला अशी जाणीव फार उशिरा, तिसऱ्या भागात (१९९०) होते.

जॉर्ज लुकास यांच्या ‘स्टार वॉर्स’च्या पूर्वकथेत (१९९९–२००५) पत्नीच्या मृत्यूचे भय हे नायक अॅनाकिनच्या पतनाचे सबळ कारण आहे, परंतु तीन चित्रपटांचा ऐसपैस अवकाश हाती असूनही, सहकाऱ्याच्या मृत्यूस हातभार लावल्याच्या पश्चात्तापापासून बालशिष्यांच्या हत्येपर्यंतचे अंतर तो एकाच रात्रीत कापतो, आणि एवढ्या घाईत त्याच्यामागून जाणे प्रेक्षकास जमत नाही.