चित्रातल्या प्राण्याची पाठ

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी विणकाम वर्गाविषयी काही लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला बजावले तेव्हा माझ्या मनात दोन-चार सोपे नमुने टाक्यांच्या हिशेबासह लिहून द्यावेत, एवढेच होते. पण गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला. त्याने मला नमुन्यांवरून उठवून थेट इतिहासात नेऊन बसविले. तेव्हा भगिनींनो, नमुने पुन्हा केव्हातरी.

माझी नात सहा वर्षांची. तिला पिकाचू हवा होता. ज्यांच्या घरी लहान मुले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, पिकाचू हा जपानी कार्टूनमधला एक पिवळा, गुबगुबीत प्राणी. कानांची टोके काळी, गालांवर लाल ठिपके, आणि शेपूट आकाशातल्या विजेसारखी वाकडीतिकडी. बाजारात तो आयता मिळतो. पण आजी क्रोशाची, तेव्हा आजीनेच तो करावा असा हट्ट. मी सुनेच्या फोनवर एक चित्र पाहून घेतले, पिवळी लोकर आणली आणि बारा दुपारी खर्चून तो विणला. नातीने हातात घेतला, तोंडाकडे जेमतेम पाहिले आणि लगेच पालथा केला. "आजी, याच्या पाठीवरचे पट्टे कुठे आहेत?"

मी पाहिलेल्या चित्रात तो समोरून उभा होता. पाठ दिसतच नव्हती. मला काय ठाऊक की तिच्यावर दोन तपकिरी पट्टे असतात! मुलीने खेळणे परत माझ्या मांडीवर ठेवले आणि ती खेळायला निघून गेली. मी मात्र विचारात पडले. कागदावरच्या किंवा पडद्यावरच्या प्राण्याला पाठ नसते, पोट नसते, वजन नसते. त्याला कुशीत घेता येत नाही. मग हे चित्रातले प्राणी पोरांच्या अंथरुणात आले कसे? त्यांना पाठ कोणी दिली?

मग पुस्तके चाळली, थोडी भाचीची मदत घेतली. आणि जिथे जिथे शोधले तिथे तिथे सुई हातात घेतलेली एखादी बाई बसलेली आढळली.

कापड शिवून आत काहीतरी भरावे ही कला तशी फार जुनी. आपल्याकडच्या चिंध्यांच्या बाहुल्या त्याच जातीच्या. पण खेळण्यांच्या धंद्याचा आरंभ सांगताना जर्मनीतल्या गींगेन गावच्या मार्गारेटे श्टाइफचे नाव घेतात. लहानपणीच पोलिओने तिचे पाय गेले होते, उजव्या हातातही बळ नव्हते. चाकाच्या खुर्चीत बसून ती शिवणकाम करी. १८८० साली तिने एका मासिकातल्या नमुन्यावरून लोकरी नमद्याचे छोटे हत्ती केले, ते टाचण्या टोचून ठेवण्यासाठी. बायकांनी ते घेतले आणि मुलांनी त्यांच्या हातून पळविले! टाचण्यांची गादी खेळणे झाली ती अशी.

टेडी अस्वलाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली असते. १९०२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात शिकारीला गेले असता झाडाला बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. (त्या जखमी अस्वलाला पुढे सुरीने मारलेच, पण मुलांना सांगताना आपण तेवढा भाग गाळतो.) क्लिफर्ड बेरीमन या व्यंगचित्रकाराने त्या प्रसंगाचे चित्र 'वॉशिंग्टन पोस्ट' मध्ये काढले. ब्रुकलिनमध्ये मिठाईचे दुकान चालविणाऱ्या मिश्टम दांपत्याने ते पाहिले, आणि रोझ मिश्टमबाईंनी त्यावरून एक अस्वल शिवून दुकानाच्या काचेत मांडले, असे सांगतात. म्हणजे पाहा, ज्या टेडीला आज आपण सर्व भरीव खेळण्यांचा आजोबा मानतो तो मुळात एका व्यंगचित्रातला प्राणी. वर्तमानपत्रातल्या शाईच्या चार रेघांना रोझबाईंनी पाठ दिली. पुढे मिश्टमांची खेळण्यांची मोठी कंपनी झाली आणि तिच्या इतिहासात नवऱ्याचे नाव आधी येते. असो.

इंग्लंडात बीट्रिक्स पॉटरबाईंचे तसे झाले नाही. पीटर नावाच्या सशाची गोष्ट त्यांची, चित्रेही त्यांचीच, आणि १९०३ साली त्याची बाहुलीही त्यांनी स्वतःच्या हाताने शिवली. ससा उभा राहावा म्हणून त्याच्या पायांत शिशाचे छर्रे घातले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बाहुलीची रीतसर नोंदणी करून टाकली. हुशार बाई! आपल्या वर्गातल्या कितीजणींनी आपल्या नमुन्यावर स्वतःचे नाव तरी घातले आहे?

पण मला सगळ्यांत भावली ती लॉस एंजलिसची चार्लट क्लार्क. ही शिवणकाम करून पोट भरणारी बाई. १९२८ च्या नोव्हेंबरात मिकी माऊसचा बोलपट न्यूयॉर्कला लागला आणि वर्ष-दीड वर्षात त्या उंदराने सगळा देश वेडा केला. १९३० च्या आरंभी क्लार्कबाईंच्या मनात आले, की याची बाहुली करावी. पण चित्र कुठून आणायचे? तेव्हा मिकी होता मुख्यतः पडद्यावर, आणि तोही क्षणभर स्थिर उभा न राहणारा. बाईंनी नात्यातला एक सोळा वर्षांचा मुलगा, बॉब क्लॅम्पेट, वही-पेन्सिल देऊन चित्रपटगृहात पाठविला. तो अंधारात बसून पळत्या उंदराची चित्रे काढी आणि बाई त्यावरून कापड बेतत.

यातली अडचण ज्यांनी काही विणले-शिवले आहे त्यांनाच कळेल. मिकीचे कान आठवा. तो समोर पाहो, बाजूला पाहो, कान नेहमी दोन पुरे वाटोळे. खऱ्या उंदराचे, किंबहुना कोणत्याच प्राण्याचे कान असे असू शकत नाहीत. मान वळली की कान अरुंद दिसायलाच हवेत. पडद्यावर हे खपते, कारण तिथे कान डोक्यावर हवे तसे सरकतात. बाहुलीला मात्र कान एका जागी कायमचे शिवावे लागतात. जी गोष्ट मुळात चित्राबाहेर असूच शकत नाही ती कापडात करून दाखवायची, आणि ती पाहून पोराने 'हाच तो' म्हणायचे!

क्लार्कबाईंनी ते साधले. परवानगीसाठी बाहुली डिस्नी बंधूंना नेऊन दाखविली, तेव्हा त्यांना ती इतकी आवडली की त्यांनी आपल्या स्टुडिओजवळ एक घर भाड्याने घेऊन दिले. त्याला 'बाहुलीघर' असेच म्हणत. १९३० अखेरीस तिथे बाई आणि सहा मदतनीस मिळून आठवड्याला तीन-चारशे मिकी तयार करीत. तरी मागणी पुरी होईना. हाताने होण्यासारखे ते कामच नव्हते. मग १९३२ साली कंपनीने एक निराळीच युक्ती केली: मॅकॉलच्या कागदी बेतांमध्ये मिकीचा बेत छापून विकायला काढला. घरोघरच्या आयांनीच तो घरी शिवावा! त्या मंदीच्या दिवसांत विकतची बाहुली न परवडणाऱ्या किती आयांनी रात्री दिव्याखाली बसून तो उंदीर शिवला असेल. पुढे कारखाने आले, १९३४ पासून क्लार्कबाईंच्याच बेतावर खेळण्यांच्या एका कंपनीने मिकी काढले. बॉब क्लॅम्पेट स्वतः नावाजलेला कार्टून दिग्दर्शक झाला. क्लार्कबाईंचे नाव जाणकारांपुरते राहिले. त्या सहा मदतनीस 'सहा मदतनीस' एवढ्यावरच थांबल्या.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे शिवणकाम झाले. आमच्या क्रोशाचे काय? सांगते.

क्रोशा तशी वयाने लहान. तिचे छापील नमुने पहिल्यांदा सापडतात ते १८२३ च्या सुमारास, हॉलंडमधल्या एका मासिकात. १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजून भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या जोगिणींनी बायकामुलींना क्रोशाच्या जाळ्या शिकविल्या आणि त्या विकून कित्येक घरे जगली. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या नरसापूर भागातही एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांकडून ही विद्या आली आणि हजारो घरांत पसरली.

पण जाळी सपाट असते. खेळण्याला हवा गोल. तिथे क्रोशाची खरी करामत आहे. वर्गातल्या जुन्या मैत्रिणींना ठाऊकच आहे, नव्यांसाठी सांगते. दोऱ्याच्या फासात सहा मुके खांब घाला. पुढच्या फेरीत प्रत्येकात दोन, म्हणजे बारा. मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहाच वाढवायचे. असे वाढवीत गेले तर सपाट चकती होते. वाढविणे थांबविले की कडा आपोआप वर वळू लागतात आणि वाटी होते. मग त्याच हिशेबाने सहा-सहा कमी करीत आलात की वाटीचा चेंडू. तोंड मिटण्याआधी कापूस भरायचा. सुई मात्र लोकरीला लागते त्याहून एक नंबर बारीक घ्यावी, नाहीतर टाक्यांतून कापूस डोळे वटारतो. डोके, धड, हात, पाय, सगळे या एका वाढ-घटीवर. कात्री नाही, बेत नाही, जोडशिवण कमी. चित्रातला प्राणी बहुधा गोळ्यांनीच बनलेला असतो, म्हणून क्रोशाशी त्याचे असे गोत्र जमले.

जपानी बायकांनी ही गोष्ट ओळखली. विणणे आणि भरीव बाहुली अशा अर्थाच्या दोन शब्दांची संधी करून त्यांनी 'अमिगुरुमी' हा शब्द केला आणि तो आज जगभर चालतो. पिकाचूसुद्धा एका बाईच्याच हातचा बरे का! १९९६ साली आलेल्या पोकेमॉन खेळासाठी त्याचे रूप आत्सुको निशिदा यांनी ठरविले. त्याला सगळे उंदीर म्हणतात. पण त्यांच्या डोळ्यांपुढे होती खार, गालात दाणे साठविणारी. त्या साठवणीच्या जागी पिकाचूने वीज साठवायची. म्हणून ते लाल गाल. हे वाचल्यावर मी नातीच्या पिकाचूचे गाल उसवून थोडे फुगीर केले.

आणखी एक गोष्ट कळली, ती मात्र मला झोपू देईना. विणकामाचे यंत्र इंग्लंडात १५८९ सालीच निघाले. क्रोशाचे खरे काम करणारे यंत्र बाजारात आजवर रुळलेले नाही. टाका घालताना सुई पुन्हा कापडात खुपसून दोरा ओढून काढावा लागतो. ते यंत्राला नीट जमत नाही. म्हणजे दुकानात स्वस्तात टांगलेले क्रोशाचे खेळणे जर खरे क्रोशाचे असेल, तर ते कुठेतरी कोणीतरी बोटांनीच केलेले असते.

मारिया मीस या विदुषीबाईंनी नरसापूरच्या जाळीवालींवर १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्या बायकांचे काम परदेशी जाई, व्यापार पुरुषांच्या हाती असे, आणि दिवसाचे कितीतरी तास विणणाऱ्या या बायकांना मात्र म्हणत 'गृहिणी'. काम काय, तर फावल्या वेळचे. हे वाचले आणि मला आमची आई दिसली. १९६५ च्या आगेमागे ती एका दुकानदाराला क्रोशाचे रुमाल आणि तोरणे करून देई. माझ्या शाळेची फी त्यातून भरली जाई. तरी कोणी विचारले तर आईच म्हणे, "मी काही करीत नाही हो, घरीच असते."

मागे मंडळाच्या विक्रीच्या दिवशी एका गृहस्थांनी माझा विणलेला ससा उचलून किंमत विचारली आणि म्हणाले, "लोकरीचाच तर आहे!" मी संकोचून निम्मे पैसे घेतले. त्या सशाला सोळा तास लागले होते. यंदा विक्रीच्या टेबलावर प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर किंमतीखाली तासही लिहावेत, आणि करणारणीचे नावही, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे मांडली आहे. काहीजणींना ते बरे दिसणार नाही असे वाटते. बैठक पुढच्या महिन्यात आहे.

पिकाचूचे म्हणाल, तर तपकिरी लोकर माझ्या पेटीत नव्हती. शेजारच्या वहिनींकडे जुन्या स्वेटरची उसवलेली निघाली. दोन पट्टे वेगळे विणून पाठीवर टाचले. शेपटीच्या मुळाशीही तपकिरी रंग असतो, तोही घातला. नात आली, तिने तो हातात घेतला, पुन्हा आधी पालथाच केला. पट्ट्यांवरून बोट फिरविले आणि मग सरळ करून काखेत मारला.