लाँगबोर्ड कुणासाठी? एका वर्गवारीचा इतिहास

गोव्यात आश्वे-मांद्रेच्या बाजूला सर्फिंग शिकायला गेलात, तर पहिल्या दिवशी तुमच्या हातात नऊ फुटांच्या आसपासची, रुंद, जाड, वरून मऊ अशी फोमची फळी ठेवतील. वजन किती, पोहता येतं का, आधी कधी केलंय का, असे दोन-तीन प्रश्न विचारतील आणि विषय संपला. नवखा असेल तर लांब बोर्ड, हात बसत जाईल तसतसा आखूड. जगभरच्या दुकानांत थोड्याफार फरकाने हाच तक्ता चालतो. तो इतका सरळ वाटतो की त्याला इतिहास असेल असं आपल्या मनातही येत नाही.

आज त्या तक्त्याकडेच बघूया. (चाकांच्या लाँगबोर्डसाठी कुणी आलं असेल तर नाराज होऊ नका, तो शब्द लाटांवरूनच रस्त्यावर उतरला.) माझा प्रबंध कोकणातल्या शिडाच्या जहाजांवर आहे, सर्फिंगवर नाही. पण वस्तूंची वर्गवारी कुणी केली आणि कशावरून केली, हा प्रश्न तिथेही रोज समोर येतो. बंदराच्या दप्तरात जहाज टनांनी मोजलेलं असतं. खलाशी मात्र त्याला मचवा म्हणायचं की पडाव, हे बांधणी बघून ठरवतो. पीएचडीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना हा गुंता समजावून सांगायला मला सर्फबोर्ड फार सोयीचा वाटतो, कारण इथे वस्तू तीच राहते आणि तिची जागा उलटीपालटी होते.

सुरुवात हवाईपासून. जॉन पापा ईई (१८००–१८७०) हा लहानपणीच तिथल्या राजघराण्याच्या सेवेत गेला, पुढे न्यायाधीश झाला आणि आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत त्याने 'कुओकोआ' या हवाईयन भाषेतल्या वृत्तपत्रात आपल्या आठवणी लिहिल्या. मेरी कावेना पुकुई यांनी त्यांचं इंग्रजी भाषांतर केलं आणि १९५९ साली बिशप म्युझियमने ते पुस्तकरूपात छापलं. त्यात फळ्यांचं वर्णन आहे, आणि ते आपल्या कामाचं आहे.

ईई तीन प्रकार सांगतो. ओलो मधोमध जाड आणि कडांकडे पातळ होत जाणारी. फुगून किनाऱ्याकडे सरकत येणाऱ्या लाटेला ती चांगली, पण उंच उठून कोसळणाऱ्या लाटेवर उपयोगाची नाही. कीकोओ बारा ते अठरा फुटांची. खवळून फुटणाऱ्या लाटेसाठी ठीक, पण आवरायला अवघड, आणि तिच्या लांबीला नि वेगाला लोक घाबरतात. तिसरी अलाईया. ही पातळ, पुढे रुंद आणि मागे निमुळती. ती तरबेज लोक वापरतात. ज्यांना जमत नाही ते तिच्या वाटेला जात नाहीत. त्यापेक्षा होडीत बसतात किंवा आणखी लहान फळी घेतात.

अलाईयाची लांबी ईई किती देतो? नऊ फूट.

म्हणजे गोव्यात आज ज्या लांबीची फळी नवख्याच्या हातात देतात, साधारण त्याच लांबीच्या फळीला ईईच्या आठवणीतले नवखे घाबरत होते. आता तुम्ही काय कराल? घाईत असलेला संशोधक म्हणेल की ईईची काहीतरी चूक झाली असावी, किंवा हवाईचे लोकच वेगळे. दोन्ही उत्तरं आळशी आहेत. आधी वस्तूकडे बघा. अलाईया पातळ. ती कोआच्या किंवा ब्रेडफ्रूटच्या लाकडाची असायची (हे ब्रेडफ्रूट म्हणजे कोकणातला आपला नीरफणस). ती माणसाला पाण्यावर उचलून धरत नाही, लाटेच्या वेगानेच तोलली जाते. आणि कुठल्याच जुन्या फळीला फिन नव्हती. फिन म्हणजे खालच्या बाजूला शेपटीजवळ बसवलेलं माशाच्या पंखासारखं पातळ पातं. ते पाण्यात रुतून राहतं म्हणून फळी मागून सटकत नाही. आजची नऊ फुटी फळी सोपी आहे ती हलकी, जाड आणि फिनवाली असल्यामुळे. लांबी हा त्यातला एक भाग झाला. बाकीचे भाग आपण 'लाँगबोर्ड' या एका शब्दात घालून बसलो आहोत.

ईई फळ्यांची विभागणी कशावरून करतो तेही बघा: लाट कशी आहे आणि माणसाचा हात किती बसलाय. चांगल्या दुकानदारानेही हेच दोन प्रश्न विचारायला हवेत. सर्फिंगवरच्या लोकप्रिय लेखनात मात्र तुम्हाला जास्त करून वेगळी विभागणी सापडेल: ओलो सरदारांची, अलाईया सामान्यांची. सामाजिक उतरंड हवाईत होती, आणि कडक होती, यात वाद नाही. पण फळ्यांची ही वाटणी इतकी पक्की का वाटते, याचं एक कारण पुराव्याच्या टिकण्यात आहे.

होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये आबनर पाकी या मोठ्या सरदाराच्या प्रचंड ओलो फळ्या आहेत, चौदा-सोळा फुटांच्या आणि शंभर पौंडांहून बऱ्याच जड. हे म्युझियम १८८९ साली चार्ल्स बिशप याने आपल्या दिवंगत पत्नीच्या, बर्निस पौआही बिशप यांच्या स्मरणार्थ उभारलं. आणि बर्निस ही पाकीचीच मुलगी. बापाच्या फळ्या लेकीच्या नावाच्या म्युझियममध्ये जपल्या गेल्या. गावातल्या कोळ्याची फळी कोण जपणार? ती कुजली, मोडली, चुलीत गेली. जे शिल्लक राहिलं ते सरदाराचं, म्हणून लांब फळी सरदाराची, असा उलटा तर्क व्हायला वेळ लागत नाही. त्यावर बेन फिनी आणि जेम्स ह्यूस्टन यांच्या १९६६ च्या पुस्तकाने शीर्षकातच सर्फिंगला हवाईच्या राजांचा खेळ म्हटलं. फिनी साधा माणूस नव्हे, १९५९ साली हवाई विद्यापीठात त्याने सर्फिंगवरच एम.ए.चा प्रबंध लिहिला होता. पण शीर्षक जितक्या लोकांनी वाचलं तितक्यांनी आतली प्रकरणं वाचली असतील का, हा विचार करण्यासारखा भाग आहे. आणि ईईसुद्धा दरबारातला माणूस, हेही विसरू नका. त्याने पाहिलेला किनारा राजवाड्याजवळचा होता, आणि त्या आठवणी कागदावर उतरल्या तेव्हा मधे कित्येक दशकं गेली होती.

पाकीच्या त्या फळ्यांची डागडुजी १९२०च्या दशकात टॉम ब्लेक नावाच्या अमेरिकन जलतरणपटूने केली. त्याने तशीच एक फळी स्वतःसाठी बनवली, ती भलतीच जड झाली, म्हणून तिला शेकडो भोकं पाडून लाकूड सुकवलं आणि वरून पातळ फळ्या चढवल्या. आत पोकळी राहिली. त्यातून पोकळ बोर्ड जन्माला आला. १९३२ मध्ये ब्लेकला त्याचं पेटंट मिळालं. १९३५ साली त्याने एका स्पीडबोटीचा जुना कील काढून फळीखाली बसवला, तीच पहिली फिन म्हणून ओळखली जाते. होनोलुलूच्या काही तरुणांनी १९३७ मध्ये वेगळाच इलाज केला: जड रेडवूडच्या फळीची शेपटी कुऱ्हाडीने तासून अरुंद केली, म्हणजे उभ्या लाटेवर ती घसरणार नाही. यांना 'हॉट कर्ल' म्हणतात. लांबी त्यांनी कमी केली नाही. अडचण लांबीची नव्हतीच.

यानंतरचा टप्पा मला सगळ्यात आवडतो. १९४७ साली कॅलिफोर्नियात जो क्विग याने डॅरिलिन झॅनकसाठी एक फळी केली. डॅरिलिन म्हणजे हॉलिवूडचा निर्माता डॅरिल झॅनक याची मुलगी. मागणी अशी की फळी तिला उचलता यावी, तिच्या गाडीत मावावी आणि वळवायला सोपी असावी. क्विगने बाल्सा आणि रेडवूड वापरून सुमारे दहा फुटांची, फायबरग्लास चढवलेली, फिनवाली हलकी फळी तयार केली. मग झालं काय, की मालिबूचे पट्टीचे सर्फर एकेक करून ती मागून नेऊ लागले. मोठ्या जड फळ्यांवर जे वळण घेताना जीव मेटाकुटीला यायचा, ते हिच्यावर सहज घेता येत होतं. 'मुलीसाठी', 'शिकणाऱ्यासाठी' म्हणून केलेली फळी काही वर्षांत सगळ्यांचा नमुना झाली, आणि 'मालिबू बोर्ड' म्हणून ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचली.

ही हकीकत मुख्यतः त्या मंडळींनी पुढे म्हातारपणी दिलेल्या मुलाखतींतून आली आहे, त्यामुळे तपशिलांत थोडं इकडेतिकडे असणारच. तरी वापरताना एवढं लक्षात घ्या, की सांगणारे बहुतेक पुरुष होते आणि 'आम्ही बाईची फळी उसनी घेत होतो' हे ते स्वतःहून सांगताहेत. आपल्या फुशारकीला मारक ठरेल असं माणूस सांगतो, तेव्हा त्याकडे जरा जास्त लक्ष द्यावं.

१९५७ मध्ये 'गिजेट' ही कादंबरी आली, १९५९ मध्ये तिच्यावर सिनेमा. १९५८ पासून होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी फोमचे बोर्ड काढायला सुरुवात केली होती, त्यामुळे बाल्साची वाट न बघता हवे तितके बोर्ड बनू लागले. गर्दी वाढली आणि दुकानदाराला प्रथमच असा गिऱ्हाईक भेटला ज्याला त्याने कधी लाटेवर पाहिलंच नव्हतं. पूर्वी बनवणारा तुम्हाला किनाऱ्यावर रोज बघायचा. काय हवंय हे तोच सांगायचा. आता ते काम जाहिरात करू लागली. १९६३ मध्ये होबीने फिल एडवर्ड्सच्या नावाचा बोर्ड विकायला काढला आणि नामांकित सर्फरच्या नावाची मॉडेलं सुरू झाली. तुमची 'शैली' कुठली, असा प्रश्न गिऱ्हाइकाला विचारण्याची प्रथा, माझ्या मते, इथे रुजली. शैलीनुसार निवड ही जुनी गोष्ट. पण शैली म्हणजे विकत घेता येणारं मॉडेल, हे त्या दशकाचं देणं.

दोन तारखा शेजारी ठेवा. १९६५ साली व्हेंचुरा इथे टॉम मोरी याने एक स्पर्धा भरवली: फळीच्या पुढच्या टोकावर कोण किती सेकंद उभं राहतं ते स्टॉपवॉच लावून मोजायचं. १९६६ साली सॅन डिएगोच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग ९ फूट ४ इंचांच्या, नेहमीपेक्षा पातळ बोर्डवर जोरकस वळणं घेत जिंकला. आज तुम्ही लाँगबोर्ड घ्यायला गेलात तर याच दोन वाटा समोर येतात. एक 'नोजरायडर': टोक रुंद, वजन जास्त, मागे एक मोठी फिन, संथ लाटेवर पुढे चालत जायला. दुसरा 'परफॉर्मन्स': पातळ, टोक निमुळतं, मोठ्या फिनच्या दोन्ही बाजूंना लहान फिन, वळायला चपळ. नवख्याने यातला कुठलाच घेऊ नये, साधी जाड फोमची फळी बरी, हे मात्र खरं.

१९६७ नंतर दोन-तीन वर्षांत बोर्ड नऊ-दहा फुटांवरून सहा-सात फुटांवर आले. आणि तेव्हा कुठे 'लाँगबोर्ड' हा वेगळा प्रकार म्हणून उभा राहिला. त्याआधी तो नुसता बोर्ड होता. पाचवारी आली नसती तर 'नऊवारी' म्हणायची गरज कुणाला होती? लुगडं म्हटलं की पुरे होतं. त्यामुळे १९६० सालच्या सर्फरबद्दल लिहिताना 'त्याने लाँगबोर्ड निवडला' असं वाक्य टाकलंत, तर तुम्ही त्याला एक अशी निवड बहाल करता जी त्याच्यापुढे नव्हती. ओलोला लाँगबोर्ड म्हणणं तर आणखी पुढचं झालं. प्रस्तावात असा शब्द वापरायचाच असेल, तर तो तुमचा आहे की तुमच्या साधनांचा, हे पहिल्याच पानावर सांगून मोकळे व्हा. मौखिक परीक्षेत हा प्रश्न येतोच.

आखूड बोर्ड हेच पुढारलेपण असं ठरल्यावर लांब बोर्ड दोन टोकांना गेला: नवख्यांकडे आणि वय झालेल्यांकडे. तक्ता तिथून आला. त्याचं वय साठ वर्षंही नाही.

२००० नंतरच्या दशकात टॉम वेगनर या ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या कारागिराने बिशप म्युझियममधल्या जुन्या फळ्या पाहून पॉलोनियाच्या लाकडाच्या, बिनफिनच्या अलाईया करायला घेतल्या. वर्षानुवर्षं सर्फिंग केलेले लोक त्यांच्यावर पुन्हा शिकाऊ झाले: फळी बुडते, मागून सटकते, लाट निघून जाते. ईईचं वर्णन पडताळून बघायला हा प्रयोग उपयोगी आहे, पण जपून. लाकूड कोआ नाही. आणि ईई अलाईया खडबडीत लाटेवर पोटाला, छातीला हादरे देते असं लिहितो, म्हणजे त्या प्रसंगी तरी माणूस तिच्यावर पालथा होता. वेगनरचे गिऱ्हाईक उभं राहायला बघतात.