मरळीतल्या पाऱ्याचे कूळ

चंद्रपूर जिल्ह्यातला पोंभुर्णा हा धानाचा, सागवनाचा आणि तलावांचा मुलूख. अशा ठिकाणच्या मासळीत पारा कुठून येईल, असे विचारले की माणूस आधी नाल्याकाठी कारखान्याचा पाइप शोधतो. ही सवय आपल्याला मिनामाताने लावली. जपानच्या त्या गावात 1956 साली पाऱ्याची विषबाधा उघडकीस आली, तेव्हा कारखाना, सांडपाणी, उपसागर आणि मासळी ही सगळी साखळी डोळ्यांना दिसणारी होती. पण पाऱ्याच्या वंशावळीत ही शाखा लहान आहे. पुढे स्वीडन, कॅनडा आणि अमेरिकेत कारखान्यांपासून कितीतरी दूरच्या, स्वच्छ म्हणवणाऱ्या तलावांतल्या माशांतही पारा निघाला. तिथे पाइप नव्हताच; पारा आभाळातून उतरला होता. चंद्रपूर-गडचिरोलीच्या तलावांचा विचार याच शाखेकडून करावा लागतो, आणि तसा तो केला की चिमणीपासूनचे अंतर म्हणजे सुरक्षितता हा समज टिकत नाही.

या शाखेचा मूळपुरुष जमिनीखाली आहे. चंद्रपूरचा कोळसा गोंडवन खडकांतला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. गाडल्या गेलेल्या झाडपाल्यात गंधकाच्या सोबतीने पाराही अडकला. भारतीय कोळशात तो टनाला सरासरी 0.14 ग्रॅमच्या आसपास असतो. हे काहीच नाही असे वाटते, पण दहा लाख टन कोळसा जाळला की 140 किलो पारा मोकळा होतो. वरोऱ्याला एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत कोळसा निघू लागला. दुर्गापूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच 1983 साली सुरू झाला आणि आज त्याची क्षमता 2920 मेगावॉट आहे. पारा 357 अंशांना उकळतो आणि भट्टी हजार अंशांच्या वर असते, त्यामुळे कोळशातल्या जवळजवळ सगळ्या पाऱ्याची वाफ होते. धूर निवताना त्यातला काही राखेला चिकटून धूळ पकडणाऱ्या यंत्रणेत सापडतो, काही क्लोरिनशी संयोग होऊन पाण्यात विरघळण्याजोगा होतो, आणि उरलेला निव्वळ वाफेच्या रूपात बाहेर पडतो. आपल्या कोळशात क्लोरिन कमी, म्हणून ही शेवटची वाट रुंद.

विरघळणारा पारा थोड्या दिवसांत, बराचसा जवळपासच पावसातून उतरतो. पावसाळी वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि पोंभुर्णा चंद्रपूरच्या पूर्वेला, हवाई अंतराने चाळीस किलोमीटरच्या आत आहे. वाफ मात्र महिनोन्महिने हवेत राहून पृथ्वीभर फिरते. हवेतल्या ब्रोमिनसारख्या द्रव्यांनी तिचे रूप बदलले की ती खाली येते; समुद्रात पडलेला पाराही पुन्हा वाफ होऊन उठतो. जंगलाचा वाटा मला यात सर्वात विलक्षण वाटतो. पानाच्या रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, तशी पाऱ्याची वाफही शिरते आणि पानातच मुरते. पान जितके दिवस झाडावर, तितका त्यात पारा जास्त. जगातल्या अनेक जंगलांत पानगळीतून जमिनीला मिळणारा पारा पावसातल्या पाऱ्यापेक्षा अधिक भरला आहे. पान पाऱ्याची हलकी समस्थानिके जास्त उचलते, आणि ती खूण मातीतही शिल्लक राहते. या वाटेचा माग लागला तो त्यावरूनच. म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर सागाखाली साचणारा पाचोळा हा हवेतून गाळून घेतलेल्या पाऱ्याचा साठा ठरतो. वणवा लागला की तो पुन्हा हवेत जातो. नाही लागला, तर थोडाथोडा मातीत आणि पाण्यात उतरतो.

तरीही इथवरचा पारा मासळीत फारसा साठत नाही. त्याचा घातक जन्म गाळात होतो. तळगाळातले सूक्ष्मजीव पाऱ्याचा मिथिल पारा करतात, हे स्वीडनच्या येन्सेन आणि येर्नेलव यांनी 1969 साली दाखवले. त्यासाठी लागणारी जनुकांची जोडी 2013 साली सापडली. या जीवांना प्राणवायू नसलेला चिखल, कुजता पाला आणि सल्फेट मानवते. उन्हाळ्यात काठ उघडे पडून पावसाळ्यात पुन्हा बुडणारा उथळ मामा (माजी मालगुजारी) तलाव त्यांना सोयीचा, आणि पाणी धरून ठेवणारी धानाची बांधीही. सल्फेटचा पुरवठा करणारा सल्फर डायऑक्साइड त्याच चिमणीतून निघतो. पुढे शेवाळ, बारीक जीव, लहान मासे आणि त्यांना खाणारी मरळ अशा पायऱ्यांनी मिथिल पारा पाण्यातल्या प्रमाणाच्या लाखो पटींनी साठतो. बांधीतला भातही यातून सुटत नाही: चीनमधल्या वानशानच्या पारा-खाणींच्या परिसरात लोकांच्या पोटात तो मासळीपेक्षा भातातून अधिक जातो, असे आढळले आहे.

यावर पहिला आक्षेप असा की ज्वालामुखीही पारा ओकतात. ओकतात, पण मानवी कामांनी हवेतला पारा नैसर्गिक पातळीच्या कित्येक पट वाढवला आहे, असे तलावांच्या तळातले जुने-नवे थर सांगतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पारा जगभरातून येतो, गाळात जुना पडलेलाच आहे, मग एका चिमणीला आवर घालून काय होणार? याचे उत्तर कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या प्रयोगाने दिले. तिथे 2001 पासून सात वर्षे एका तलावात ओळखू येईल अशा समस्थानिकांचा पारा मुद्दाम सोडला. तो लवकरच माशांत दिसू लागला, आणि सोडणे थांबवल्यावर लहान माशांत झपाट्याने, मोठ्या शिकारी माशांत सावकाश घटला. नव्या पाऱ्याला अडवल्याचा फायदा जुना गाळात असतानाही मिळतो. तिसरी शंका ढिवरांच्या पोटापाण्याची आहे आणि ती रास्त आहे. मासळी बंद करा, असे इथे कुणी म्हणू नये. रोहू शिकारी नाही, लहान माशांत पारा कमी साठतो, आणि मासळीइतके स्वस्त पोषण या भागात दुसरे नाही. म्हणूनच भार खाणाऱ्यावर न टाकता चिमणीवर टाकायला हवा.

भारताने मिनामाता करार 2018 साली मान्य केला. त्याआधी 2015 साली वीज केंद्रांच्या धुरातल्या पाऱ्याला घनमीटरमागे 0.03 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. गंधक धुऊन काढणारी यंत्रणा विरघळणारा पाराही अडवते. जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने बहुतेक वीज केंद्रांना या यंत्रणेतून सूट दिली. प्रदूषित शहरांलगतच्या, म्हणजे चंद्रपूरसारख्या ठिकाणच्या केंद्रांचा निर्णय मात्र प्रकरणागणिक व्हायचा आहे. तो केवळ शहराच्या हवेतला सल्फर डायऑक्साइड मोजून होऊ नये. पोंभुर्ण्याच्या तलावांतली मरळ आणि बांधीतला तांदूळही तपासून त्या हिशेबात धरला पाहिजे.